न्यायाधीश किती?

आमचे वकील सर मिसळ खायला गेले की बाकड्यावर बसण्याआधी सरळ आत चुलीपर्यंत जात. नवीन दुकानदाराला वाटे, महापालिकेचा कुणी साहेब स्वच्छता तपासायला आला. सर स्वच्छता बघत नसत, माणसं बघत. कट ओतायला कोण, कांदा चिरायला कोण, ताटल्या विसळायला कोण. बाहेर गिऱ्हाइकं रस्त्यापर्यंत उभी आणि आत एकटाच माणूस घामानं निथळतोय असं दिसलं की ते मागं फिरत आणि मला म्हणत, "चला मॅडम. दुकान मोठं हाय, करणारा एकच हाय." त्यापायी कोल्हापुरातल्या कितीतरी चांगल्या दुकानांतून मी उपाशी बाहेर पडले आहे.

लग्नाला गेले तर आधी वाढपी मोजत, मग अक्षता टाकत. बँकेत गेले तर किती काचेमागं माणूस बसलाय ते बघून दारातूनच परत येत. एकदा त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तर स्ट्रेचरवर आडवं पडूनही नर्सला विचारत होते, "डॉक्टर किती हाईत वो आत?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाटी कुणीबी लावतंय. पाटीमागं माणूस हाय का, ते बघावं."

हे वेड त्यांना मिसळीमुळं लागलं नव्हतं, कोर्टामुळं लागलं होतं. हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात यावं म्हणून आमच्याकडं सगळ्यांचंच आयुष्य आंदोलनात गेलं. उपोषणं झाली, मोर्चे झाले, कामकाजावर बहिष्कार झाले, लाल फिती लावून लावून काळे कोट भोकं पडून फाटले. प्रत्येक सभेत वक्ता विचारायचा, "बेंच पाहिजे का नको?" आणि मंडप हलायचा. त्या गलक्यात मागच्या रांगेतून एक किरकिरा आवाज हमखास यायचा, "न्यायाधीश किती?" सगळे हसायचे. पुढं पुढं त्यांचं नावच 'किती' पडलं. बाररूमच्या दारात सर दिसले की कुणीतरी म्हणायचं, "आलं किती." सर म्हणायचे, "आलो एकटाच."

मी मुरगूडची. एलएलबी होऊन त्यांच्याकडं ज्युनियर म्हणून लागले तेव्हा ते साठीच्या पुढं होते. लग्न केलेलं नव्हतं. मंगळवार पेठेत खाली दोन खोल्यांचं ऑफिस, वर ते राहत. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर भिंतीला लाकडी खुर्च्यांची रांग, आणि त्यातल्या बऱ्याचशा खुर्च्यांना एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल नाडा बांधलेला. आपण फायली बांधतो तोच नाडा. मी एकीचा नाडा सोडून बसायला गेले, तर सरांचे कारकून रजाकभाई धावत आले.

"बसू नका मॅडम. ती भरल्याली न्हाय अजून."

"भरलेली नाही म्हणूनच बसतेय की."

रजाकभाईंनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. मग समजावून सांगितलं. वरच्या कोर्टात न्यायाधीशांच्या जेवढ्या जागा मंजूर आहेत, त्यातला जेवढा हिस्सा रिकामा, तेवढ्या खुर्च्या आमच्या ऑफिसात बांधलेल्या. नव्या नेमणुका झाल्याचं पेपरात आलं की सर रजाकभाईंना एखादी सोडायला लावत. कुणी निवृत्त झालं की परत बांध. एखाद्या वर्षी तर बसायला दोनच उरायच्या आणि आजरा, गारगोटी, राधानगरीहून आलेले पक्षकार भिंतीला टेकून ताटकळायचे. कुणी कुरकुरलं की सर म्हणत, "पाय दुखायला लागलं न्हवं? आता कळंल, तुमची केस वर कशी उभारलीय."

पक्षकार टिकायचे कसे, हे मला सुरुवातीला कळायचं नाही. नंतर कळलं. फी थोडी होती आणि माणूस सरळ होता. कोर्टाच्या आवारात ह्या दोन गोष्टी एका जागी क्वचितच मिळतात.

एकदा विरोधी पक्षाचे एक पुढारी ऑफिसात आले. पांढरे कपडे, मागं चार पोरं. आले आणि नाड्यासकट खुर्चीत बसले. सर म्हणाले, "उठा. ती जागा रिक्त हाय."

"रिक्त हाय म्हणून तर बसलो की वकीलसाहेब."

"तुमच्यासारख्यांचं तसंच असतंय," सर म्हणाले. "आम्ही मात्र नेमणुकीची वाट बघतो."

पुढारी आधी हसले, मग तांबडेलाल झाले, पण उठले. जाताना मला म्हणाले, "बाई, तुमचं सर हुशार हाईत, पण जरा हाईतच." आणि डोक्यापाशी बोट फिरवलं. ह्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, ते परत येणार आहेत.

त्या खुर्च्यांवरून मी सरांशी खरी भांडले ती आक्कांसाठी. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. गारगोटीत दिलेली. महिन्यातून एकदा एसटीनं यायच्या, गुडघे धरत धरत पायऱ्या चढायच्या आणि ऑफिसच्या उंबऱ्यावर बसायच्या. त्यांच्या भावानं स्वतःच्या सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा एक नाडा सोडला नाही. मी माझी खुर्ची ओढून दिली तर आक्काच नको म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे पोरी. माझा उंबरा गेलाय न्हवं, ह्यो तरी बसायला गावतोय."

आक्कांची केस अशी. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. दिवस होतात न होतात तोच दिराच्या मुलांनी एक कागद काढला, की चुलत्यानं आपल्यातल्या थोरल्याला दत्तक घेतलं होतं. आक्कांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. घराला कुलूप लागलं आणि ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या, त्याच्याच समोर रस्त्यापलीकडं भाड्याच्या खोलीत त्यांना राहावं लागलं. सकाळी दार उघडलं की समोर आपलंच दार. खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, पुतण्यांनी अपील केलं त्यात हरल्या. मग सरांनी मुंबईला हायकोर्टात दुसरं अपील दाखल केलं. मुद्दा साधा होता. बायको जिवंत असताना तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला दत्तक घेता येत नाही, आणि त्या कागदावर आक्कांची संमती कुठंही नव्हती. सर म्हणत, "ऐकणारा बसला की तासाभरात संपतंय." पण ऐकणारा बसायला हवा होता.

मी आक्कांबरोबर मुंबईला गेले आहे. संध्याकाळी गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवून कोर्ट गाठायचं. आक्का धपाटी आणि दह्याची पिशवी घेऊन जिन्याच्या कडेला बसायच्या. यादीत आमचा नंबर असायचा, पण इतका खाली की तिथवर पोचेपर्यंत कोर्ट उठायचं. आक्कांना वाटायचं, आपण लवकर यायला कमी पडतो. पुढच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "पोरी, आदल्या दिवशीच यिऊन बसूया काय?"

म्हणून बेंच कोल्हापुरात येणं ही आक्कांसाठी घोषणा नव्हती. गारगोटीहून एसटीत बसून येता येईल अशा जागी आपली केस येणार, एवढाच तिचा अर्थ. "हितं आलं की एक दिवस कोण तरी ऐकंलच की," त्या म्हणायच्या. "मग माझ्या उंबऱ्यावर बसून च्या प्यायची न् मरायचं."

आणि मग ती बैठक झाली.

सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये सहा जिल्ह्यांचे वकील, दोन्ही पक्षांचे पुढारी, आणि मंत्रीसाहेब. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं मंत्री सढळ हातानं द्यायला आले होते. म्हणाले, बेंच देतो, जागा देतो, इमारत देतो. टाळ्यांनी हॉल दणाणला. बाहेर पेढ्यांचे बॉक्स येऊन पडले होते, ते मी स्वतः पाहिले. तेवढ्यात मागून तो किरकिरा आवाज आला.

"न्यायाधीश किती?"

मंत्री म्हणाले, "अहो, ते सरकारच्या हातात नसतं. पण माझं बोलणं झालंय. सुरुवात एकानं करूया."

"एकानं न्हाय चालत," सर म्हणाले. "फौजदारी अपिलाला दोन लागत्यात. जन्मठेपवाल्यांनी मग मुंबईलाच जायचं काय? सहा जिल्ह्यांची गठुडी एकाच्या डोक्यावर दिली तर त्यो मोडणार, आन् उद्या तुम्हीच म्हणणार, बघा, दिलं तरी कोल्हापूरवाल्यांना चालवता आलं न्हाय."

हे सगळं खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. पण त्याच वेळी पांढऱ्या कपड्यातले आमचे पुढारी ताडकन उभे राहिले. इतका वेळ त्यांना बोलायला जागाच मिळत नव्हती, ती आता मिळाली. "सहा जिल्ह्यांना एक न्यायाधीश? ह्यो कोल्हापूरचा अपमान हाय," असं म्हणत ते माणसं घेऊन सभात्याग करून गेले.

दुसऱ्या दिवसापासून चौकाचौकांत फलक लागले. ह्यांनी सहा मागितले की त्यांनी आठ. त्यांनी आठ म्हटलं की ह्यांनी दहा. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबतात तसा न्यायाधीशांचा सौदा भर रस्त्यात चालला होता, आणि त्यातल्या एकालाही न्यायाधीश किती लागतात हे ठाऊक नव्हतं. किती मागायचे हा प्रश्न सरांचा, पण आता तो त्यांच्या हातात राहिला नव्हता. निवडणूक झाली, सरकार बदललं, नव्यांनी जुन्यांचा शब्द मोडीत काढला. पेढे केव्हाच वाटून संपले होते.

वकिलांना राग काढायला एक माणूस पाहिजे होता, तो तयारच होता. "हातातोंडाशी आल्यालं बेंच ह्या कितीनं घालवलं," असं उघड बोललं जायला लागलं. बाररूममध्ये सर ज्या बाकावर बसत, त्या बाकावर दुसरं कुणी बसेना. सर एकटेच त्या लांबलचक बाकाच्या टोकाला बसून डबा खायचे. मी जाऊन शेजारी बसले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला? तुम्हाला अजून वकिली करायची हाय." मी हलले नाही. मुरगूडची माणसं एकदा बसली की बसली.

त्या महिन्यात आक्का आल्या. नेहमीसारख्या उंबऱ्यावर बसल्या. रजाकभाईंनी चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि भावाला म्हणाल्या,

"धाकल्या, मंत्री एक देतोय म्हणाला हुता, व्हय?"

"व्हय."

"मग घ्यायचा हुता की रं. मला एकच लागतोय."

दुसरं अपील एकच न्यायाधीश ऐकतो. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत जिन्याच्या कडेला बसून बसून आक्कांनाही माहीत झालं होतं.

सर म्हणाले, "आक्का, तुझं काम झालं असतं. तुझ्या मागं जी उभारल्यात त्यांचं काय?"

आक्कांनी भिंतीला टेकलेल्या पक्षकारांकडं एकदा पाहिलं. "त्येंनी भावाला वकील केल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या, "मी केलंय."

मला सरांचा तेव्हा राग आला होता. इतका, की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आजही कधी येतो. आणि त्यांचं चुकलं कुठं हे शोधायला गेले की सापडत नाही, म्हणून जास्तच येतो.

मी आक्कांना एकदा मृत्युपत्र करा म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "मेल्यावरचं काय करू मी? जित्यापणी बसवा मला." सरांनाही म्हटलं, तुम्ही सांगा. सर मान हलवत म्हणाले, "मी सांगितलं तर ती माझ्याच नावावर करंल. मग लोक म्हणतील, भाऊ घरासाठी केस चालवतोय." लोक त्यांना तसंही काय बाकी ठेवत होते. पण हा माणूस असाच होता. स्वतःच्या बाजूनं पडणारं माप त्याला नेहमी खोटं वाटायचं.

आक्का गेल्या त्या भाड्याच्या खोलीतच. सकाळी शेजारीण दूध घेऊन गेली तर दारात बसल्या होत्या, समोर तोंड करून. आम्ही पोचलो तेव्हा पुतण्यांनी घराचं कुलूप काढलं होतं. म्हणाले, चुलतीला घरातनं न्यायला पाहिजे, लोक काय म्हणतील. आक्कांना त्या उंबऱ्यावरून आत नेलं आणि तासाभरानं बाहेर आणलं. सर रस्त्यातच उभे राहिले. आत गेले नाहीत.

त्यानंतर बेंच आलं.

सगळ्या गावानं पाहिलं ते. हलगी-घुमक्याचा दणका, गुलाल, साखर. आयुष्यभर ज्यांनी फिती लावल्या ते म्हातारे वकील एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी पण रडले. संध्याकाळी गुलालानं माखलेली मी ऑफिसात गेले तर सर एकटेच बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "किती?"

मी आकडा सांगितला. सरांच्या हिशेबानं लागत होते त्यापेक्षा कमी होते, मंत्र्यानं देऊ केला त्यापेक्षा जास्त. सर "म्हंजे दोघांचं बी खरं न्हाय," एवढंच म्हणाले.

मुंबईहून सहा जिल्ह्यांची प्रकरणं आली, त्यात आक्कांचं अपीलही आलं. पण आता त्यात काही उरलं नव्हतं. मूल नाही, मृत्युपत्र नाही. नवऱ्याकडून बाईला आलेली मिळकत अशा वेळी नवऱ्याच्या वारसांकडं जाते, म्हणजे त्या पुतण्यांकडंच. दत्तकाचा कागद खरा का खोटा ह्याला अर्थ राहिला नव्हता. मी म्हटलं, सर, मी जाऊन सांगून येते. ते म्हणाले, "माझा पक्षकार हाय. मीच जाणार."

कोट इस्त्री केलेला होता. आमचा पुकारा सकाळीच झाला. व्यासपीठावर एकच न्यायमूर्ती होते, वयानं माझ्याएवढेच. त्यांनी फाईल वाचलेली होती, आणि तेच आम्हाला बाधलं. सरांनी अपिलार्थी मयत असल्याचं सांगायला तोंड उघडण्याआधीच त्यांनी पुतण्यांच्या वकिलाला विचारलं, ह्या दत्तकाला पत्नीची संमती कुठं आहे?

पुतण्यांचा वकील कागद उलटे-सुलटे करायला लागला. सर दोन्ही हातांनी टेबल धरून उभे होते. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की अपिलार्थी वारल्या आहेत, आणि वारस म्हणाल तर हेच सामनेवाले. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारलं. एका वाक्याच्या जागी दहा बोलणारे आमचे सर नाही म्हणाले. अपील निकाली निघालं.

आवारात आल्यावर सर झाडाच्या पारावर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरली.

"मॅडम," ते म्हणाले, "एकच हुता."

त्यांनी बाटली पारावर ठेवली.

"आन् त्येनं वाचलं हुतं."

ते रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आक्कांच्या वेळीसुद्धा नाही.

ऑफिसात आल्यावर त्यांनी रजाकभाईंना सगळे नाडे सोडायला सांगितलं. रजाकभाई घुटमळले. "साहेब, जागा अजून भरल्याल्या न्हाईत."

"न्हाईत. बसू दे लोकांना."

रजाकभाईंनी एकेक गाठ सोडली. वर्षानुवर्षांच्या गाठी, काही कापाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पक्षकार आले, मोकळ्या खुर्च्या पाहिल्या आणि सवयीनं भिंतीला टेकून उभे राहिले. "बसा की," सर म्हणाले. आवाज इतका साधा होता की लोक घाबरूनच बसले.

सर त्यानंतर फार राहिले नाहीत. ऑफिस आता मी चालवते. पण शेवटचं आठवतं ते वेगळंच. एके दिवशी कोर्टातून येताना मीच म्हटलं, सर, मिसळ खाऊया. दुकानात रेटारेटी होती. सर आत गेले नाहीत. सरळ बाकड्यावर बसले आणि हात टेबलावर ठेवून वाट बघायला लागले. आमच्या नंतरचे खाऊन गेले तरी आमची ताटली येईना. मी त्यांच्याकडं बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. ते रस्त्याकडं बघत होते.

शेवटी मी उठले आणि आत चुलीपर्यंत गेले. एकच बाई होती. कट तीच ओतत होती, कांदा तीच चिरत होती, ताटल्या तीच विसळत होती.

परत येऊन मी सरांना सांगितलं, "एकच आहे, सर."

"असू दे," सर म्हणाले. "थांबूया."